एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर पाण्याने भरलेला तांब्या आणि त्यावर उपडं घातलेलं फुलपात्र कायम असतं. ते पाणी कुणी पीत नाही. प्यायचं पाणी फिल्टरमधून येतं. तांब्यातलं पाणी सकाळी तुळशीला जातं, तांब्या पुन्हा भरला जातो, फुलपात्र पुन्हा उपडं होतं. पाहुण्यांना वाटतं, काही धार्मिक असेल. मी तसंच वाटू देतो.

दिवाळीच्या आगेमागे इस्लामपूरकडे ऊसतोड सुरू झाली की आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जायला लागतात. डेकवर गाणी, मागे उसाचा डोंगर, रस्त्यावर पडलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. पहिला भरलेला ट्रॅक्टर गेला की फुलपात्र किणकिणतं. मी जिथे असेन तिथे थांबतो आणि मोजायला लागतो. एक, दोन, तीन. हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो.

"अहो, ट्रॅक्टर हाय," सुनंदा म्हणते. "गाणं ऐकू येतंय न्हवं?"

गाणं ऐकू येतं. ट्रॅक्टर दिसतोसुद्धा. तरी सहापर्यंत मोजून होईस्तोवर मी हलत नाही. ही सवय मला दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या एका सहामाही परीक्षेच्या हंगामात लागली. तो हंगाम दर वर्षी उसाबरोबर परत येतो.

त्या वेळी आम्ही पाटणच्या वरच्या अंगाला, धरणाच्या खोऱ्यातल्या एका गावात राहत होतो. गावाबाहेरच्या टेकाडावर एका खोलीचं निरीक्षण केंद्र होतं आणि त्यात मी एकटा निरीक्षक. खड्ड्यात पुरलेलं यंत्र जमिनीची थरथर टिपायचं, खोलीतल्या संगणकावर तिची रेघ उमटायची. दिवसभर ती रेघ बघायची आणि तिच्यात काय घडलं ते लिहायचं, हे माझं काम. त्या खोऱ्यात भूकंप नवा नाही. पावसाळा संपून धरण भरलं की बारीक धक्के वाढतात, हे तिथलं पोरसुद्धा सांगतं. बहुतेक धक्के माणसाला कळतही नाहीत. काही भांड्यांना कळतात. म्हणून प्रत्येक घरात तांब्यावर उपडं फुलपात्र. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी शेजारणीने सुनंदाला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. "वैनी, झाकण घट्ट नगा बसवू. सैल असू द्या. वाजलं पायजे."

सैल असू द्या, वाजलं पाहिजे. माझ्या यंत्राचं तत्त्व याहून फार वेगळं नव्हतं. जमीन कधीच गप्प नसते. वारा असतो, ओढा असतो, एसटी असते, पिठाची गिरणी असते. या सगळ्या कलकलाटातून धक्का वेगळा काढायचा कसा? संगणक दोन सरासऱ्या काढायचा. एक गेल्या दोन सेकंदांची, दुसरी गेल्या मिनिटाची. पहिली दुसरीच्या ठरावीक पटीने मोठी झाली की घंटा. ही पट किती ठेवायची ते माझ्या हातात होतं. सुरुवातीला मी अडीच ठेवली. पहिल्याच दुपारी सात वेळा घंटा वाजली. बाहेर येऊन बघतो, तर खालच्या आळीतली एक म्हैस केंद्राच्या भिंतीला अंग घासत उभी. तिला हाकलली, तर ती लांबून बघत राहिली आणि मी आत गेल्यावर परत आली. मी पट तीन केली, मग साडेतीन, शेवटी चार. चारला म्हैस वाजेना. मला समाधान वाटलं. दोन आठवड्यांच्या नोंदी तपासून चार हा आकडा मी वहीत लाल शाईने लिहिला.

घंटा वाजू नये तेव्हा वाजली तर माणूस वैतागतो. वाजायला हवी तेव्हा न वाजली तर त्याला ते कळतच नाही. त्यामुळे पट वाढवत नेणाऱ्याला आपण सुधारत चाललोय असंच वाटत राहतं. हे मी आज लिहितो. तेव्हा मला फक्त म्हशीपासून सुटका झाल्याचा आनंद होता.

म्हैस सुटली, पण बार राहिले. त्याच वर्षी घाटरस्त्याचं रुंदीकरण निघालं होतं आणि गावापासून दोन किलोमीटरवर डोंगर फोडायचं काम चालू होतं. सुरुंगाच्या स्फोटाला तिकडे बार म्हणतात. बार लावायचे, बार उडवायचे. ते काम बघायचे नाना. लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दाट मिशांचे, ताठ पाठीचे. आधी तीन लांब शिट्ट्या, मग लाल निशाण, मग बार. काम असेल त्या दिवशी दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान, मजूर भाकरी खायला लांब गेले की. शिट्ट्या वाऱ्यावर असायच्या. कधी गावात ऐकू यायच्या, कधी नाही.

बार आणि धक्का यांत फरक असतो. बाराची पहिली लाट दांडगी आणि मागची बारीक. भूकंपाची पहिली लाट बारीक, आणि मग जाड, आडवी, जमीन बाजूला ओढणारी दुसरी. रेघेवर हे डोळ्यांना दिसतं. सुनंदाची तऱ्हा वेगळी होती. बार झाला की आधी पायांना कळतं आणि सहा सेकंदांनी कानाला, कारण आवाज हवेतून रमतगमत येतो. ती फुलपात्र वाजलं की पोळी तव्यावर तशीच ठेवून मोजायची. सहाला 'धडाम' आलं की पोळी उलटायची. आलं नाही की गॅस बंद करून बाहेर.

"तुमच्या यंत्रापेक्षा माझी पोळी बरी," ती म्हणायची.

"पण सहा सेकंद वाया जातात," मी म्हणायचो. "खरा धक्का असला तर?"

"मग काय करू? दर बाराला पळू? पोळ्या कोण करणार, म्हैस?"

तिच्या पोळीचा प्रश्न होता तोच शाळेचा झाला. गावच्या शाळेची जुनी खोली दगडी होती आणि तिच्या गावाकडच्या भिंतीला त्या पावसाळ्यात भेग गेली होती. त्या खोलीत आठवीची छत्तीस मुलं बसत, त्यांत आमची मुक्ता. दुसरी खोली नव्हती. मुख्याध्यापिका बाई शिस्तीच्या आणि धीराच्या होत्या. हादरलं की घंटा देऊन मुलं मैदानात काढायच्या. पण बार रोजचे, धक्के वाढलेले. एका दिवशी चार वेळा मुलं बाहेर आली. पालक बोलू लागले. मुलं हसू लागली. गणिताचा तास नको असेल तेव्हा मागच्या बाकावरचं कुणीतरी पायाने फरशी हादरवायचं.

सहामाही आठवड्यावर आली तेव्हा बाई केंद्रावर आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, तुमच्याकडे यंत्र आहे. मला एवढंच सांगा, कधी पळायचं आणि कधी बसायचं. पेपरमध्ये मुलं उठवली तर परत बसत नाहीत हो."

मी वही काढली. दोन महिन्यांच्या नोंदी होत्या. घंटा वाजवणाऱ्या एकूण एकशे अकरा घटना. त्यांतले सत्तर धक्के, एक्केचाळीस बार. साडेबारा ते एक या अर्ध्या तासात जेवढ्या घटना, तेवढे बार. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. मी तो आकडा बाईंना दोनदा वाचून दाखवला. एवढा स्वच्छ आकडा माझ्या नोकरीत मला क्वचित मिळाला असेल.

"साडेबारा ते एक हादरलं तर मुलं बसू द्या," मी म्हणालो. "बाकी कधीही हादरलं तर बाहेर."

"लिहून द्याल?"

दिलं. सही केली. संगणकालाही तसंच शिकवलं. त्या अर्ध्या तासातल्या घटनेपुढे त्याने आपणहून 'बार' लिहावं. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसून पाणी प्यायल्या.

मुक्ता आता सांगलीला एका दवाखान्यात ईसीजी काढते. मागच्या खेपेला आली होती तेव्हा सांगत होती, आजकालची मशीन कागदाच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःच 'नॉर्मल' असं छापून देतात. मी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"मी आधी तो कोपरा अंगठ्याने झाकते, पप्पा. मग रेघ बघते. मग पेशंटच्या कपाळावरचा घाम बघते. शेवटी अंगठा काढते."

मी जेवता जेवता थांबलो. ती बोलून गेली, तिच्या ध्यानातही नसावं. मला मात्र तो अंगठा दोन दिवस दिसत राहिला.

गणिताचा पेपर होता. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, टेकाडावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. बारा बेचाळीसला घंटा वाजली. पायाखालची फरशी आडवी सरकल्यासारखी झाली. पडद्यावर अक्षरं उमटली : बार. मी सवयीने वहीत बारा बेचाळीस लिहिलं, पुढे 'ब' काढला आणि मग रेघेकडे पाहिलं.

पहिली लाट बारीक होती. दुसरी जाड.

ते बघूनही मी काय केलं, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी सबब शोधली. नानांनी आज दोन बार पाठोपाठ लावले असतील. खडक बदलला असेल. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस, मी मनात म्हणालो. आवाजाची वाट बघायची राहिली हे आठवलं, तोवर सहा सेकंद केव्हाच उलटून गेले होते आणि आवाज आला होता की नाही ते मला सांगता येईना. तेवढ्यात मोबाइल वाजला. नाना.

"साहेब, यंत्रानं काय लिवलं वो आत्ता?"

"बार."

"कुणाचा बार?" ते हसले. "आवं, आज दारूच आली न्हाई. गाडी कराडातच अडकली. मी हितं सावलीला भाकरी खातोय. आमच्या भाकरीचा बार धरला काय तुमच्या यंत्रानं?" मग त्यांचं हसणं थांबलं. "साहेब, पोरं बाहीर हायती न्हवं?"

बाईंना फोन लावला. परीक्षेच्या वेळी मोबाइल कपाटात असतात. रिंग वाजत राहिली. मोटारसायकलची किल्ली खिशात नव्हती, टेबलावर नव्हती. मी तसाच पळालो. केंद्रापासून शाळा आठशे पावलं. रोजच्या जाण्यायेण्यात मोजलेली. त्या दिवशी ती संपेनात.

शाळा उभी होती. खिडकीतून छत्तीस माना खाली घातलेल्या दिसल्या. फक्त पेनांचा आवाज. भिंतीची भेग सकाळी बोटभर होती, आता तीत हात गेला असता. भिंतीलगतच्या बाकांवर बारीक पांढरा चुना पडला होता आणि मुलं तो फुंकरीने उडवून लिहीत होती. तिसऱ्या बाकावर मुक्ता कंपासने वर्तुळ काढत होती.

बाई उठून दाराशी आल्या. "बारच होता ना? वेळ बघितली मी. तुमच्या कागदाप्रमाणे बसू दिलं."

"बाई, मी चुकलो. सगळ्यांना बाहेर काढा."

"साहेब, दहा मिनिटं राहिलीत."

"आत्ता काढा."

 बाईंनी घंटा दिली. मुलं पेपर बाकांवर ठेवून उठली. मुक्ता उठेना. "पप्पा, एकच गणित राहिलंय!" मी तिचा दंड धरला. कंपास खाली पडला. तो उचलायला ती वाकली, तेव्हा मी तिच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडलो.

पुढचे दोन तास माझ्या आठवणीत सलग नाहीत. मैदानातलं ऊन आहे. शाळेच्या व्हरांड्याबाहेर, उंबराच्या झाडाखाली पाण्याचं पिंप आहे आणि त्याला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. बातमी कळून आलेले पालक आहेत.

"साहेब म्हणलं बसा, आता म्हणत्यात उठा. ठरवा की एकदा गड्या!"

"आता तर काय हालंना. झाडाचं पान बी हालंना."

"पोरांचा पेपर बुडीवला. लय शाना हाय यंत्रवाला."

 किती वेळ थांबायचं याचा आकडा माझ्याकडे नव्हता. एका मोठ्या धक्क्यामागून लहान येतात हे ठाऊक होतं. कधी, किती, ते कुणालाच ठाऊक नसतं. मी केंद्रावर जाऊन यंत्र बघायला हवं होतं. पण मी तिथून हललो तर मुलं आत जातील याची मला खात्री होती. घंटा वाजली तर केंद्रातून शाळेपर्यंत ऐकू यायची. मी कान तिकडे लावून होतो. घंटा वाजत नव्हती.

पावणेतीनला बाई जवळ आल्या. चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "दप्तरं तरी घेऊ द्या. डबे आत आहेत. सकाळपासून उपाशी आहेत मुलं."

ते बरोबर होतं. दोन तास झाले होते, घंटा गप्प होती. मी म्हणालो, "एकेक करून. पळत जा, पळत या." रांग लागली. रांगेत पहिली मुक्ता. तिला दप्तर नको होतं, तो कंपास हवा होता. ती पायरीकडे निघाली.

पिंपावरचा पेला किणकिणला.

फार नाही. कुणीतरी नखाने टिचकी मारावी एवढाच. माझ्या पायांना काही कळलं नाही, तिथे उभ्या कुणालाच काही कळलं नाही. केंद्राची घंटा वाजली नाही. पण पेल्याला कुणी हात लावलेला नव्हता आणि झाडाचं पानही हलत नव्हतं.

"मुक्ता, थांब!"

मघाशी ओरडलो होतो म्हणून असेल, ती जागीच थांबली. भिंत कोसळली असं म्हणतात. ती भिंत बसली, दमलेलं माणूस बसतं तशी, आधी मधोमध वाकून. दगडांचा आवाज मागून आला. खिडक्यांतून चुन्याचे ढग बाहेर पडले आणि छत्तीस पेपरांतले काही पेपर त्या ढगातून उडत मैदानात आले. 'लय शाना' म्हणणारा माणूस त्यातला एक उचलून, शर्टाला पुसून, बाईंच्या हातात नेऊन देत होता.  आम्ही सगळे मुलं मोजत होतो. प्रत्येकाची मोजणी वेगळी येत होती. बाईंची छत्तीस आली तेव्हा त्या खाली मातीत बसल्या.

संध्याकाळी केंद्रावर जाऊन मी रेकॉर्ड काढलं. दोन वाजून पन्नास मिनिटांची ती थरथर रेघेत होती. दोन सरासऱ्यांचं गुणोत्तर साडेतीन. माझी लाल शाईतली रेषा चारवर. त्या हादऱ्यात आणि घंटेत अर्ध्याचं अंतर होतं आणि ते अंतर मी एका म्हशीसाठी ठेवलं होतं.

गावाने मला दोष दिला नाही. उलट, यंत्रवाल्या साहेबांनी पोरं वाचवली असं बोललं गेलं. बाईंनी माझ्या सहीचा तो कागद परत आणून दिला. मी तो अजून ठेवला आहे.

दोन दिवसांनी नाना आले. त्यांच्या हातात मळकट डायरी होती. दारूगोळ्याचा हिशेब रोज ठेवावा लागतो. कुठल्या तारखेला किती वाजता बार लावला, सगळं लष्करी नेमकेपणाने लिहिलेलं.

"साहेब, बाई म्हणल्या, तुमी एक्केचाळीस बार मोजलं. मला ते खटकलं."

आम्ही शेजारी बसून एकेक तारीख जुळवली. त्यांचं बोट त्यांच्या डायरीवर, माझं माझ्या वहीवर. नानांनी दोन महिन्यांत एकोणचाळीस बार लावले होते.

दोन तारखांना बार नव्हताच. एकदा पाऊस होता, एकदा डिटोनेटर संपले होते. त्या दोन्ही दिवशी साडेबारा ते एकच्या दरम्यान माझ्या वहीत 'ब' होता. मी जुन्या रेघा काढल्या. पहिली बारीक, दुसरी जाड. दोन्ही धक्के होते. पहिला आठवडाभर मी प्रत्येक रेघ बघून ठरवत होतो. पुढे मी घड्याळ बघून ठरवायला लागलो होतो. साडेबारा वाजून गेलेत, म्हणजे बार. आणि मग त्याच नोंदी मोजून मी सिद्ध केलं होतं की साडेबारानंतर बारच होतात. दिवसात अठ्ठेचाळीस अर्धे तास. सत्तर धक्के. सत्तर भागिले अठ्ठेचाळीस केलं तरी कोणत्याही अर्ध्या तासाच्या वाट्याला दीडाच्या आसपास येतात. हा भागाकार चौथीतलं पोर करतं. मी तो केला नाही, कारण एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस ऐकायला फार छान वाटत होतं.

"म्हंजी आदी दोनदा झालं व्हतं," नाना म्हणाले.

"हो."

"आन् पोरं?"

मी वहीतल्या त्या दोन तारखा बघितल्या. एक रविवार होता. दुसऱ्या तारखेला शाळा होती. त्या दिवशी बाईंनी नेहमीप्रमाणे घंटा दिली होती आणि मुलं बाहेर आली होती. माझा कागद तेव्हा लिहिलेला नव्हता, म्हणून. पालक ज्या पळापळीवर चिडले होते, तिच्यातली ती एक. बाई न मोजता बरोबर होत्या.

नानांनी डायरी मिटली.  बाहेर म्हैस भिंतीला अंग घासत होती. मी संगणकासमोर बसलो आणि पट परत अडीचवर आणली. लगेच घंटा वाजली. नाना दचकले, मग हसले. मी उठून बाहेर जाऊन बघून आलो. म्हैसच होती. तिथून बदली होईपर्यंत दिवसाला सात-आठ वेळा मी असा उठत राहिलो.

आज सकाळी या हंगामातला पहिला ट्रॅक्टर गेला. मुक्ता सुट्टीवर आलेली, ओट्याशी चहा गाळत होती. फुलपात्र किणकिणलं. रस्त्यावर गाणं जोरात चालू होतं. ट्रॅक्टर खिडकीतून दिसत होता. उसाचं पान न् पान दिसत होतं. मी मोजायला लागलो आणि दोनवर थांबलो, कारण मुक्ताने गाळणी खाली ठेवून गॅस बंद केला होता आणि ती दाराकडे निघाली होती.

"अगं, ट्रॅक्टर हाय तो," सुनंदा म्हणाली.

"माहितीये, आई," मुक्ता म्हणाली, आणि तशीच अंगणात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागोमाग गेलो. थोड्या वेळाने, कुरकुरत, सुनंदाही आली.